अमानत आगीत जळाली तर?

मुळशीतील मुठा परिसरात उन्हाळा आला की वाळल्या गवताच्या वणव्याचे भय असते. समजा, नोकरीसाठी परगावी गेलेल्या शेजाऱ्याने आपल्या दोन मोटारसायकली तुमच्या शेडमध्ये ठेवल्या आणि एका रात्री शेड जळाली. भरपाई तुमच्यावर येते काय?

विनामोबदला सांभाळलेली वस्तू ही अमानत होय. रक्षणात कसूर नसेल, तर अमीनावर भरपाई नाही. कसूर मात्र प्रामाणिकपणे तपासावी. टाकीत पेट्रोल तसेच होते का? लगत भाताचा पेंढा रचला होता का? मदीनेत एक घर रात्री माणसांसह जळाले, तेव्हा आग ही शत्रू आहे, झोपण्यापूर्वी ती विझवा, असे प्रेषितांनी (सल्ल.) बजावले; ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. सांभाळण्याचे पैसे घेतले असतील, तर हनफी फिकहचा नियम अधिक कडक आहे: टाळता येण्याजोग्या कारणाने वस्तू गेली, तर भरपाई द्यावी लागते.

आणि ज्याचे सर्वस्व गेले, तो? २६ मार्च २०२१ च्या रात्री पुण्याच्या कॅम्पमधील फॅशन स्ट्रीटवर शेकडो दुकाने जळाली. सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत जकातीच्या आठ हकदारांमध्ये कर्जबाजारीही आहेत आणि मक्केचे ताबिई मुजाहिद यांनी आगीत माल गेलेल्याला त्यांतच गणले आहे. आपण मात्र जळीतग्रस्ताच्या घरी जातो, सब्र करा म्हणतो आणि जकात रमजानसाठी राखून ठेवतो. त्याच्या कर्जाचा हप्ता पुढच्याच महिन्यात असतो.