रात्रीची लांबी आणि शेवंतीचा बहर

रायपूर शहरालगतची भनपुरी ही औद्योगिक वस्ती सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर वसलेली आहे. तेथे जूनमधील सर्वांत मोठा दिवस सुमारे १३ तास २५ मिनिटांचा, तर डिसेंबरमधील सर्वांत लहान दिवस सुमारे १० तास ५० मिनिटांचा असतो. हा अडीच तासांचा फरक माणसाच्या फारसा लक्षात येत नाही. शेवंती मात्र त्याची अचूक नोंद घेते.

दिवसाच्या लांबीनुसार फुलण्याच्या या गुणधर्मास दीप्तिकालिता असे म्हणतात. १९२० साली अमेरिकेतील गार्नर आणि ॲलार्ड या शास्त्रज्ञांनी तो प्रथम स्पष्टपणे मांडला. तंबाखूची एक जात उन्हाळ्यात नुसतीच उंच वाढे. तिला फुले येत ती हिवाळ्यात, पादपगृहात. उन्हाळ्यातही दुपारनंतर अंधाऱ्या खोलीत ठेवताच ती फुलली. शेवंती आणि पॉइन्सेटिया याच लघुदिवसी वर्गातील होत. ॲस्टरला मोठा दिवस मानवतो, तर गुलाब दिवसाच्या लांबीविषयी उदासीन असतो.

वस्तुतः वनस्पती मोजते ती दिवसाची नव्हे, रात्रीची लांबी. १९३८ मध्ये हॅम्नर आणि बॉनर यांना असे आढळले की, दीर्घ रात्रीच्या मध्यात थोडा वेळ प्रकाश दिला तरी लघुदिवसी वनस्पतीचा फुलोरा थांबतो. पानांतील फायटोक्रोम हे रंगद्रव्य तांबड्या प्रकाशाने कार्यशील होते व अंधारात हळूहळू मूळ रूपात परतते. पुरेशी लांब, अखंड रात्र मिळाली की पानांत तयार होणारे प्रथिन शेंड्याकडे जाते आणि तेथे पानांऐवजी कळ्या धरू लागतात.

पादपगृहातील बागाईतदार याच ज्ञानाचा उपयोग करतो. लागवडीनंतर काही आठवडे तो मध्यरात्रीच्या सुमारास चारएक तास दिवे लावतो. त्यामुळे कळी लांबते आणि दांडा उंच होतो. नंतर दिवे बंद केले की जातीनुसार साधारणतः ८ ते १० आठवड्यांत फुले उमलतात. दिवस मोठे असल्यास संध्याकाळी पाचपासून सकाळी आठपर्यंत काळे आच्छादन घालून रात्र लांबविली जाते.

या हिशेबात चूक झाल्यास संपूर्ण हंगाम वाया जातो. दसरा-दिवाळीसाठी लावलेली शेवंती पंधरा दिवस उशिरा फुलली, तर तिला गिऱ्हाईक उरत नाही. म्हणून आच्छादनातील फट किंवा शेजारच्या रस्त्यावरील दिवा क्षुल्लक मानून चालत नाही. दिव्याजवळची रोपे हिरवीच राहतात. मध्य भारतात आणखी एक अडचण असते. आच्छादनाखाली उष्णता साचते आणि उष्ण रात्रीमुळेही कळ्या मागे पडतात. यास्तव आच्छादन घालताना वायुवीजनाची व्यवस्था करणे अगत्याचे ठरते. फुलांना अंधार हवा; पण तो थंड आणि अभंग असावा लागतो.