तापाच्या औषधाचा हिशेब: मिलि, तास आणि रुपये

मेडिकलच्या काउंटरवर 'लहान मुलाचं तापाचं औषध द्या' एवढंच म्हटलं, तर समोर तीनपैकी कुठलीही बाटली येऊ शकते. तिन्हींत औषध एकच, पॅरासिटामॉल. पहिली इवलीशी, १५ मिलिची, ड्रॉपरवाली. तिच्यात १ मिलिला १०० मिग्रॅ औषध असतं. दुसरी नेहमीची ६० मिलिची. तिच्यात ५ मिलिला १२० किंवा १२५ मिग्रॅ. तिसरी दिसायला थेट दुसरीसारखीच, पण तिच्यात ५ मिलिला २४० किंवा २५० मिग्रॅ. नावापुढे 'डीएस' किंवा '२५०' छापलेलं असतं, तेवढाच फरक.

छोट्या बाळाची बाटली म्हणजे सौम्य औषध, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात तिन्हींत तीव्र तीच. तान्ह्या बाळाला चमचाभर औषध गिळवत नाही, म्हणून थोड्या थेंबांत जास्त औषध बसवलेलं असतं. मुलगा मोठा झाला की घरात सिरप येतं, पण ड्रॉप्सची अर्धी बाटली कपाटात तशीच राहते आणि घोटाळा तिथे होतो.

आकडे मांडून पाहू. पॅरासिटामॉलचा एका वेळचा डोस वजनाच्या दर किलोमागे १० ते १५ मिग्रॅ. मूल १० किलोचं असेल तर जास्तीत जास्त १५० मिग्रॅ. तेवढं औषध १२५च्या सिरपमध्ये ६ मिलि, २५०च्या सिरपमध्ये ३ मिलि आणि ड्रॉप्समध्ये फक्त दीड मिलि भरतं. आता घरातल्या कुणाच्या डोक्यात 'याला ६ मिलि द्यायचं असतं' एवढंच पक्कं बसलेलं असेल आणि रात्री हाताला ड्रॉप्सची बाटली लागली, तर पोटात ६०० मिग्रॅ गेलं, म्हणजे चौपट. म्हणून डॉक्टरांना डोस विचारताना 'किती मिलि' याच्या जोडीने 'कुठल्या बाटलीतून' हेही विचारा आणि दोन्ही केसपेपरवर लिहून घ्या. डोस वजनावर ठरतो, त्यामुळे गेल्या वर्षीचा केसपेपर या वर्षी चालत नाही. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय तापाचं काहीही द्यायचं नाही.

खर्च किती?

औषध म्हणाल तर स्वस्त आहे. नावाजलेल्या ब्रँडची १२५ची ६० मिलि बाटली साधारण ४० रुपयांच्या आसपास, २५०ची ५०च्या घरात, ड्रॉप्स ३०-३५ला. जनऔषधी केंद्रात तेच सिरप याच्या निम्म्या किमतीत किंवा त्याहूनही कमीत मिळतं. तिथे अडचण साठ्याची. जाण्याआधी फोन करून विचारलेलं बरं. दहा किलोच्या मुलाचा हिशेब केला तर १२५च्या बाटलीत दहा डोस निघतात, म्हणजे डोसाला ४ रुपये. २५०च्या बाटलीत वीस डोस, डोसाला अडीच रुपये. मूल १० किलोच्या पुढे गेलं असेल तर २५०च घ्यावी, असं माझं मत. पैसे वाचतात हा छोटा फायदा. थुंकून टाकणाऱ्या मुलाच्या घशाखाली निम्मंच औषध उतरवावं लागतं, हा मोठा. मात्र मग १२५ची जुनी बाटली घरात ठेवू नये.

औषधांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून बहुतांश १२वरून ५ टक्के झाला आहे. एमआरपीत कर धरलेलाच असतो. वर वेगळा कर लावून कुणी बिल करत असेल तर सरळ नाही म्हणा.

उरलेल्या दोन वस्तूंवर मात्र काटकसर करू नका. डिजिटल थर्मामीटर दीडशे ते तीनशे रुपयांत येतो. कपाळावर रोखायचा इन्फ्रारेड हजाराच्या आगेमागे जातो. तो सोयीचा खरा, पण घामाने किंवा पंख्याने आकडा इकडेतिकडे होतो. साधा काखेतला पुरे. दुसरी वस्तू म्हणजे सुई नसलेली ५ मिलिची सिरिंज, पाच-दहा रुपयांची. बाटलीच्या झाकणावरच्या रेघा अंधुक असतात आणि स्वयंपाकघरातला चमचा तर बेभरवशाचा. कुणाचा ३ मिलिचा, कुणाचा ७चा. सिरिंजने गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडलं की ठसकाही लागत नाही. त्याआधी बाटली चांगली हलवा. सस्पेन्शन असेल तर औषध तळाशी बसतं. न हलवता दिलं तर पहिले डोस पाणचट आणि शेवटचे जड जातात.

घड्याळ

दोन डोसांमध्ये किमान ४ तास, शक्यतो ६. आणि २४ तासांत ४पेक्षा जास्त डोस नाहीत. हा नियम बहुतेकांनी ऐकलेला असतो. चुकतो तो त्यातला दुसरा अर्धा. समजा दुपारी १ला पहिला डोस दिला, मग संध्याकाळी ५ला, रात्री ९ला आणि मध्यरात्री १ला. प्रत्येक वेळी चार तास नीट मोजले, तरी बारा तासांत चार डोस संपले. आता पुढचा डोस दुसऱ्या दिवशी दुपारी १ला, त्याआधी नाही. पहाटे ५ला ताप १०२ दिसला की घरात धावपळ होते आणि 'चार तास झाले ना' म्हणून पाचवा डोस जातो. वर कुणीतरी म्हणतं, बाराला तारीख बदलली, आजचे डोस नव्याने मोजा. चोवीस तास तारखेने मोजायचे नसतात. पुढचा डोस द्यायच्या क्षणापासून मागे मोजायचे असतात. सहा-सहा तासांनी दिलं, तर औषध रात्रभर पुरतं आणि ही वेळच येत नाही.

डॉक्टरांनी 'ताप असेल तर' असं लिहिलं असेल, तर नियमाने तीन वेळा देण्याची गरज नाही. मूल ९९.५वर खेळत असेल तर बाटली कपाटातच राहू द्या. झोपलेल्या मुलाला डोससाठी उठवू नका. औषधाचा उद्देश मुलाला बरं वाटावं, त्याने दोन घोट पाणी प्यावं, एवढाच आहे. ते अर्ध्या ते एक तासात काम करू लागतं, पूर्ण परिणाम दिसायला दोन-तीन तास जातात आणि ताप साधारण दोन-तीन अंश फॅरनहाइटने उतरतो. म्हणजे १०३चा १०१ झाला तर औषधाने आपलं काम केलं. पाऊण तासाने थर्मामीटर लावून 'उतरतच नाही' म्हणत दुसरी बाटली उघडणं, यातूनच पुढच्या बहुतेक भानगडी होतात. आकडी येऊ नये म्हणून औषधाचा मारा करतात, त्याचाही उपयोग नाही. तापातली आकडी पॅरासिटामॉलने टळत नाही. बर्फाच्या पट्ट्या किंवा स्पिरिटने अंग पुसणं तर साफ बंद करावं. मुलाला हुडहुडी भरते, वर स्पिरिट त्वचेतून अंगात जातं.

एकाच मुलाला औषध पाजणारे हात किती, हेही बघा. आजी दुपारी देते, पाळणाघरातल्या मावशी चारला देतात, आई ऑफिसातून येऊन अंग गरम लागलं म्हणून सहाला देते. तिघींचंही आपापल्या जागी बरोबर असतं. यावर उपाय बिनखर्चाचा आहे: दूधवाल्याचे खाडे आणि गॅस सिलिंडरची तारीख ज्या कालनिर्णयच्या चौकोनात लिहितो, तिथेच डोस लिहायचा. '३.१५, १२५ची ६ मिलि, ताप १०१.८, आजी.' एवढं बस. पाळणाघरात पाठवणार असाल तर याच ओळीचा फोटो व्हॉट्सॲपवर टाका.

औषध पाजल्यावर अर्ध्या तासाच्या आत सगळं उलटून पडलं, तर तोच डोस पुन्हा एकदा द्यावा. अर्धा तास उलटून गेला असेल तर पुढच्या वेळेपर्यंत थांबावं. गुदद्वारातून ठेवायची पॅरासिटामॉलची कांडी दिली असेल तर तोही एक डोसच. ते 'वरचं' औषध आहे म्हणून चौकोनात न लिहिण्याची चूक हमखास होते.

दुसरी बाटली उघडण्याआधी

सर्दीच्या अनेक सिरपमध्ये पॅरासिटामॉल असतं, त्यामुळे तापाचं एक आणि सर्दीचं एक असं दिलं की नकळत दोन डोस जातात. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिन यांच्या मिश्रणाचं सर्दीचं औषध चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असं वेष्टणावर छापण्याचे आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३मध्ये दिले आहेत. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५मध्ये छिंदवाड्यात कोल्ड्रिफ हे खोकल्याचं सिरप घेतलेली मुलं दगावली, अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणलं गेलं. त्या कोल्ड्रिफच्या वेष्टणावरही पॅरासिटामॉल आणि हीच दोन नावं होती. जीव घेतला तो त्यात मिसळलेल्या विषारी डायएथिलीन ग्लायकॉलने. तेव्हा महाराष्ट्राच्या एफडीएने एसआर-१३ या बॅचविषयी इशारा दिला होता. बॅच नंबरचं पक्कं बिल घ्यायचं ते अशा वेळेसाठी. चाळीस रुपयांच्या बाटलीचंही घ्या.

आयबुप्रोफेनची गोष्ट वेगळी. ते किलोमागे ५ ते १० मिग्रॅ, ६ ते ८ तासांनी, खाल्ल्यावर देतात. सहा महिन्यांखाली, कांजिण्यांत किंवा उलट्या-जुलाबाने मूल सुकलं असताना देत नाहीत. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत, डेंग्यूची शंका असताना तर नाहीच, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो. मेफेनॅमिक ॲसिड त्याच कुळातलं. २०२३च्या अखेरीस इंडियन फार्माकोपिया कमिशनने त्याच्या एका गंभीर ॲलर्जीविषयी सावध केलं आहे. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेल्या सिरपला दोन्ही औषधांचे नियम लागू. 'एकदा हे, एकदा ते' अशी आलटून-पालटून पद्धत स्वतःच्या मनाने सुरू करू नका. दोन घड्याळं सांभाळताना रात्री तीनला कुणाचंही गणित चुकतं. निमेसुलाइड १२ वर्षांखालील मुलांसाठी २०११पासून बंद आहे आणि ॲस्पिरिन विषाणूच्या तापात मेंदू आणि यकृतावर उलटू शकतं. जुन्या डब्यात यांपैकी काही सापडलं तर टाकून द्या.

डोस जास्त गेल्याचं लक्षात आलं तर मूल हसतंखेळतं आहे म्हणून थांबू नका. पॅरासिटामॉलचा यकृतावरचा घाव पहिल्या दिवशी दिसत नाही, आणि त्यावरचा उतारा पहिल्या आठ तासांत सर्वांत चांगला लागू पडतो. मुलाला उलटी करवू नका. बाटली सोबत घेऊन रुग्णालय गाठा. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या निःशुल्क क्रमांकावर सल्ला देतं.

आणि काही वेळा घड्याळ बघत बसायचंच नाही. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ किंवा जास्त ताप, आकडी, मान ताठ होणं, हाक मारूनही सुस्त पडणं, धाप, आठ तास लघवी नाही, दाबूनही न जाणारे लाल-जांभळे डाग: सरळ १०८ किंवा रिक्षा. ताप तीन दिवसांच्या पुढे गेला तरी दाखवायलाच हवं. डेंग्यूत ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवसच जास्त जोखमीचे असतात, हे ध्यानात असू द्या. शहरातल्या बालरोगतज्ज्ञांची फी साधारण ३०० ते ८०० रुपये, सीबीसी या रक्ततपासणीला आणखी २५०-४००. प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात किंवा राज्याच्या आरोग्य विभागाच्या जिल्हा रुग्णालयात मात्र १५ ऑगस्ट २०२३पासून केसपेपरपासून तपासणीपर्यंत पैसे लागत नाहीत.