नेट चालतं, पण सर्व्हर सापडत नाही

मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ ला अपडेट देणं १४ जानेवारी २०२० ला थांबवलं. तरी तालुक्याच्या गावी कितीतरी कचेऱ्यांत त्यावर चालणारी मशीन अजून राबतात, कारण जुनं सॉफ्टवेअर नव्यावर चालत नाही. अशा मशीनवर नेट संथ झालं की कुणीतरी सांगतं, ‘डीएनएसमध्ये चार वेळा आठ टाका.’ घरी बिनधास्त टाका. कचेरीत मात्र थांबा.

एका पतसंस्थेत हेच झालं होतं. मी पोचलो तेव्हा ब्राउझरमध्ये सगळ्या साइट झटपट उघडत होत्या, पण खात्यांचा प्रोग्रॅम ‘सर्व्हर सापडत नाही’ म्हणून अडून बसलेला. काउंटरपुढे रांग, रोखपाल मॅडम हाताने पावत्या फाडत होत्या. केबल बदलून झाली, स्विच बदलून झाला, आता फॉरमॅट मारायची भाषा चालली होती. सर्व्हरच्या आकडी पत्त्याला पिंग केलं, उत्तर आलं. पूर्ण नावाने केलं, तर काही नाही. म्हणजे तार शाबूत होती, नावावरून पत्ता सांगणारा डीएनएस चुकीचा होता.

त्या सर्व्हरचं नाव संस्थेच्या आतल्या डीएनएसलाच ठाऊक. पण कुणीतरी त्या डीएनएसचा पत्ता दुसऱ्या रकान्यात ढकलून पहिल्यात बाहेरचा ८.८.८.८ भरला होता. एकाला नाही सापडलं तर दुसरा सांगेल, या भरवशावर. असं होत नाही. पहिला गप्पच राहिला तर विंडोज दुसऱ्याकडे वळतं. ‘असं नावच नाही’ हेही त्याच्या लेखी उत्तरच. ते मिळालं की शोध संपला.

तेव्हा हात लावण्याआधी सीएमडी उघडून ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ चालवा आणि ‘डीएनएस सर्व्हर्स’पुढच्या आकड्यांचा मोबाइलवर फोटो काढा. मग रनमध्ये ‘एनसीपीए.सीपीएल’, लोकल एरिया कनेक्शन, प्रॉपर्टीज, इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४. नुसता राउटर असेल तर ‘ऑटोमॅटिकली’ राहू द्या. आतला सर्व्हर असेल तर दोन्ही रकान्यांत आतलेच पत्ते. बाहेरचा पत्ता भरायचा तो सर्व्हरच्या फॉरवर्डर्समध्ये. शेवटी ‘आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस’ चालवाच, नाहीतर जुना नकार मशीनच्या लक्षात काही वेळ राहतो.

आणि त्या रकान्यात कुणालाच माहीत नसलेला आकडा दिसला, तर तो सहज घेऊ नका. एफबीआयने २०११ मध्ये उघडकीला आणलेल्या डीएनएसचेंजर प्रकरणात लाखो मशीनचे हेच रकाने गुपचूप बदललेले होते. बँकेचं नाव टाइप करूनही भलत्याच साइटवर पोचवणं त्यामुळे शक्य होतं. अशा वेळी आधी नेटची वायर काढा, मशीन स्कॅन करा आणि राउटरमधलं डीएनएसही तपासा. पासवर्ड बदला, पण दुसऱ्या मशीनवरून.