अंध विद्यार्थी आणि लाकडावरचा अखेरचा हात

माधानचे श्री गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांची दृष्टी तान्हेपणीच गेली होती. तरीही इतरांकडून वाचून घेऊन व इतरांस सांगून त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ रचले, हे अमरावती-अकोल्याकडील शिक्षकांस सांगावयास नको. ‘प्रज्ञाचक्षू’ हे त्यांचे बिरुद वऱ्हाडात सर्वांच्या तोंडी आहे. अंध मनुष्याच्या बुद्धीविषयी आपल्याकडे कोणी शंका घेत नाही. शंका येते ती त्याच्या हातात रंधा किंवा कानस दिसली म्हणजे. हस्तव्यवसायाचा तास लागला की अंध मुलास ‘तू बस, तुला लागेल’ असे मायेने सांगून भिंतीशी बसविले जाते. आणि ही माया वर्षानुवर्षे चालली म्हणजे त्या मुलाचे हात कोरेच राहतात.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये ६ ते १८ वर्षे वयाच्या अशा बालकास जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण घेण्याचा हक्क आहे. म्हणजे असे मूल आपल्यापैकी कोणाच्याही हजेरीपटावर असू शकते. सन २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी जी कामे सुचविली, त्यांत सुतारकाम आहे. त्या तासापुरता हा हक्क संपतो, असे मानण्यास काही आधार नाही.

दुखापतीचा आक्षेप मात्र खरा आहे व तो ऐकून घेतला पाहिजे. ज्यांच्या लिपीवर अंधांचे सारे शिक्षण उभे आहे, ते लुई ब्रेल (१८०९–१८५२) खोगीर करणाऱ्या कारागिराचे पुत्र. वयाच्या तिसऱ्या वर्षी बापाच्या कारखान्यात खेळताना अणकुचीदार हत्यार डोळ्यास लागून त्यांची दृष्टी गेली. पण पुढे ज्या लेखणीने ब्रेलचे ठिपके उमटवावयाचे, ती लेखणीही आरीसारखीच टोकदार असते. हत्यार टाकून देणे हा उपाय नव्हे. कोणते काम कोणी, कोणाच्या देखरेखीखाली करावे हे ठरविणे हा उपाय होय. प्राथमिक शाळेत करवत व पटाशीचे काम गावच्या सुताराकडे ठेवावे. लाकूड घासणे, त्यास तेल देणे, मेण लावणे ही कामे मुलांची. अंध मुलास यांपैकी एकही काम वर्ज्य नाही.

येथे अनेकांस अडखळल्यासारखे होते. महाराष्ट्रातील अंधशाळांत खुर्च्यांना वेत विणणे पिढ्यानपिढ्या शिकविले गेले. ते बोटांचे काम म्हणून सर्वांस पटते. परंतु लाकडास चकाकी आणणे हे डोळ्यांचे काम, अशी समजूत आहे. तिकडे कॅलिफोर्नियातील नापा येथे एन्चांटेड हिल्स या अंधांच्या शिबिरात जॉर्ज वुर्ट्झेल या अंध कारागिराने अंधांस लाकूडकाम शिकविले आहे. पण दूरचा दाखला कशास हवा? गावच्या जुन्या सुतारास काम करताना पाहावे. फळी गुळगुळीत झाली की नाही, हे तो पाहून ठरवीत नाही. तळहात फिरवून ठरवितो. चकाकी हा शेवटचा परिणाम आहे. त्यापूर्वीचे नऊ आणे काम स्पर्शाचे आहे.

प्रथम सपाट वस्तू घ्यावी. फूटभर लांबीरुंदीचा सागवानी पाट उत्तम. मुलास आधी लाकडाची दिशा शोधावयास लावावे. रेषांच्या बाजूने बोट सहज सरकते, उलट फिरविल्यास बारीक कुसे अडतात. सागवानाच्या कापलेल्या टोकावर नख फिरविले तर वर्षावलयांतील मोठी छिद्रे खरखरीत लागतात. घासण्याच्या पॉलिशपेपरचा क्रमांक पाठीमागे छापलेला असतो, तो अंध मुलास निरुपयोगी. म्हणून ८० क्रमांकाच्या कागदाचा एक कोपरा कापावा, १२० चे दोन, २२० चे तीन. एवढ्याने तो कोणासही न विचारता कागद निवडतो. कागद लाकडी ठोकळ्यास गुंडाळून रेषांच्या दिशेनेच घासावे. आवाजाकडे त्याचे लक्ष वेधावे: आरंभी करकर असते, कागदाचे काम संपत आले की ती सौम्य होते. दर कागदानंतर भुकटी पुसावी. २२० च्या आधी ओल्या फडक्याने पाट पुसून वाळू द्यावा, म्हणजे दबलेले तंतू उभे राहतात व अखेरच्या घासणीत निघून जातात.

पारख करावयाची एक युक्ती वऱ्हाडाच्या घरातलीच आहे. सरकी काढलेल्या कापसाचा पुंजका पाटावरून हलकेच ओढावा. जेथे कूस राहिले असेल तेथे कापसाचे तंतू अडकतात. डोळस मुलासही जे दिसत नाही ते अशा रीतीने सापडते. पृष्ठभागावरील उंचसखलपणा शोधावयाचा असल्यास बोटे व लाकूड यांच्यामध्ये पातळ कापड धरून हात फिरवावा. मोटारींचे पत्रे सरळ करणारे कारागीरही असेच करतात.

आता लेप कोणता द्यावा? कुंचल्याने द्यावयाचे व्हार्निश टाळावे. त्यात ओघळ येतात, जागा सुटतात, आणि ओले असताना बोट लावले की डाग पडतो. म्हणजे ज्या इंद्रियाने पारख करावयाची, तेच इंद्रिय काम बिघडविते. जो लेप फडक्याने चोळून लावावयाचा व फडक्यानेच पुसून काढावयाचा, तो अंध मुलासाठी योग्य. जवसाचे तेल यासाठी फार चांगले, व ते आपल्या भागात परकेही नाही. रंगाच्या दुकानातील उकळलेल्या तेलात ते लवकर सुकावे म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात. मुलांच्या वस्तूंस ते न वापरता साधे कच्चे तेल घ्यावे.

एका पाटास एका वेळी दोन चहाचे चमचे तेल पुरते. डाव्या हाताचा अंगठा पाटाच्या कडेवर टेकवून उजव्या हाताने फडके कडेला समांतर न्यावे. मग अंगठा दोन बोटे आत सरकवून दुसरा पट्टा पहिल्यावर अर्धा चढवावा. अंगठा हीच त्याची खूणरेषा. पाव तासाने कोरड्या फडक्याने सर्व जादा तेल पुसावे. जेथे तेल राहिले तेथे फडके चिकटते, आणि हा चिकटपणा बोटास आधी कळतो, डोळ्यास मागाहून. जवसाचे तेल उडून जाऊन सुकत नाही. हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होते. म्हणून कोरड्या दिवसांतही एका लेपास दोन-तीन दिवस लागतात. पाटासोबत त्याच लाकडाचा एक तुकडा त्याच वेळी तेल लावून ठेवावा व सुकल्याची परीक्षा त्या तुकड्यावर घ्यावी. पाटास बोट लावू नये. किती लेप झाले, हे दोरीच्या गाठी सांगतील. तीन लेपांवर मेण द्यावे. एक भाग मधमाशीचे मेण चार भाग तेलात, पाण्याच्या भांड्यात भांडे ठेवून, शिक्षकाने स्वतः वितळवावे. घासताना फडके आरंभी ओढल्यासारखे लागते, मग एकाएकी घसरू लागते. ते घसरणे म्हणजेच चकाकी, असे मुलास सांगावे.

तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकणे अत्यंत धोक्याचे आहे. तेल सुकताना उष्णता निर्माण होते व गोळा केलेले फडके आपोआप पेट घेऊ शकते. ही फडकी पाण्यात भिजवून मोकळ्या जागी पसरून वाळवावी. हे काम अंध मुलाकडेच नेमून द्यावे. कापड गरम होत आहे हे त्याच्या हातास ताबडतोब कळते.

पळस, बोर, कुसुम या झाडांवरील किड्यांपासून मिळणारी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेले पॉलिश वरच्या वर्गांसाठी राखावे. ते काही मिनिटांत सुकते. स्पिरिट उडत असताना लाकूड थंड लागते. हात किंचित वर धरला तरी ओली जागा कळते. पण स्पिरिट विषारी व ज्वालाग्राही आहे. ते कुलपात ठेवावे. सर्व डब्यांस रबराच्या कड्या घालाव्या: तेलास एक, मेणास दोन. स्पिरिटची बाटली तर आकारानेच निराळी असावी.

रंगाची गोष्ट वेगळी, व ती मुलापासून लपवू नये. दोन फळ्यांचा रंग जुळला का, पॉलिशवर पांढुरकी झाक आली का, हे सांगावयास डोळस सोबती लागतो. असा सोबती नेमावा, परंतु त्याने केवळ सांगावे. हात अंध मुलाचाच चालावा.

पाट साधला म्हणजे तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल घ्यावा. शिंगे, वशिंड, पोळी यांच्या वळणांत बोटे खरी रमतात, व तेथे ठोकळा न वापरता कागद बोटासच गुंडाळावा. सुताराकडून सागवानी किंवा शिवणीचा कापीव आकार आषाढ संपण्यापूर्वी आणावा. श्रावणातील दमट हवेत तेलाचा एकेक लेप सुकण्यास आठवडाही लागतो. लाखेचे पॉलिश त्या दिवसांत पांढरे पडते, म्हणून तेल-मेणच बरे. आषाढ सरता सरता पहिला लेप झाला, तर तीन लेप व मेण उरकून बैल पोळ्याच्या आधी तयार होतो, आणि चाके व दोरी बसविण्यास दोन दिवस हाताशी राहतात.