खाल्के: सम्राटाचा नोटीस बोर्ड

कॉन्स्टँटिनोपलच्या, म्हणजे आजच्या इस्तंबूलच्या, बायझंटाईन राजवाड्याचं मुख्य प्रवेशद्वार होतं 'खाल्के'. इ.स. ५३२ च्या दंगलीत ते जळालं. सम्राट जस्टिनियनने पुन्हा बांधलं. पुढे त्याच्यावर ख्रिस्ताचं चित्र आलं.

८व्या-९व्या शतकांत धार्मिक चित्रांवरून वाद पेटला. विरोधी सम्राटांच्या काळात तिथे क्रूस आला. सोबतच्या लेखात कारणही होतं: मुक्या, निर्जीव चित्रात ख्रिस्त दाखवणं देवाला मान्य नाही. सम्राज्ञी आयरीनने चित्र परत लावलं, लिओ पाचव्याने पुन्हा उतरवलं. ८४३ मध्ये चित्रांच्या बाजूचा विजय झाला. मग लाझारोस या चित्रकार साधूने तिथे नवं चित्र केलं.

गंमत म्हणजे दोन्ही बाजू ख्रिस्तीच! देव कसा दाखवायचा, हे ठरवणार कोण, एवढाच प्रश्न होता. उत्तर दारावर दिसायचं.