चरख्याची माळ आणि चक्कीचा पट्टा

सेवाग्रामला राहणाऱ्या मुलाने चरख्यावर लेख लिहावा यात नवल ते काय, असे वाचकांना वाटेल. परंतु प्रस्तुत लेख खादीच्या तत्त्वज्ञानाचा नाही. तो एका पुलीचा आहे. मी कला शाखेचा विद्यार्थी. यंत्रशास्त्र मी शिकलेलो नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, आणि घरी पिठाची चक्की आहे. तेवढ्या अधिकारावर हे लिहीत आहे. चुका असल्यास प्राध्यापक मंडळींनी दुरुस्त कराव्यात.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. चक्कीवर गर्दी वाढली होती. कुणीतरी बाबांना सांगितले, ‘जात्याकडची पुली लहान करा, दळण झपाट्यानं निघते.’ आमची मोटर मिनिटाला १,४४० फेरे घेते. तिच्यावर ५ इंची पुली आणि जात्याच्या दांड्यावर १५ इंची. म्हणजे मोटर तीन वेळा फिरली की जाते एकदा. मिनिटाला ४८० फेरे. बाबांनी १५ काढून १२ इंची पुली चढवली. फेरे झाले ६००. चौथा हिस्सा गती वाढली आणि खर्च फक्त पुलीचा!

पहिले चार दिवस आनंदाचे गेले. मग शेजारच्या काकू डबा परत घेऊन आल्या. ‘पीठ कढत येऊन रायलं भाऊ, भाकर थापली का तुटते.’ पट्टा घसरू लागला म्हणून बाबांनी त्याला राळ लावली. पट्टा घसरायचा थांबला आणि सगळा भार मोटरीवर आला. तिसऱ्या आठवड्यात मोटर जळली. ती नव्याने बांधून घेण्यात जे पैसे गेले, त्यात माझ्या प्रवेशाची फी होती. कॉलेजात मी एक वर्ष उशिरा आलो तो यामुळे.

चूक नेमकी कुठे झाली, हे मला चक्कीवर कळले नाही. ते चरख्याजवळ कळले. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात (याचे उद्घाटन गांधीजींच्या हस्ते ३० डिसेंबर १९३८ रोजी झाले) चरख्यांचे अनेक प्रकार ठेवलेले आहेत. जुन्या उभ्या चरख्याला एकच मोठे चाक असते आणि माळ थेट चातीवर जाते. पेटी चरख्यात, ज्याला येरवडा चक्र असेही म्हणतात, दोन चाके आडवी असतात. गांधीजींनी १९३०च्या कारावासात या सुधारणेवर बरेच डोके चालवले होते. मोठ्या चाकाची माळ दुसऱ्या चाकाच्या आसावरील लहान फिरकीवर येते आणि दुसऱ्या चाकाची माळ चातीवर जाते.

याचा हिशोब करून पाहू. समजा मोठे चाक ८ इंची व फिरकी १ इंची, गती आठपट. दुसरे चाक ५ इंची व चातीवरची फिरकी अर्धा इंच, गती दहापट. दोन्ही गुणून ऐंशीपट. हेच एका चाकाने साधायचे तर ४० इंची चाक लागेल, आणि ते पेटीत कसे मावणार? ही युक्ती मला फार आवडली.

परंतु खरी गंमत पुढे आहे. २० अंकी सुताला एका इंचात सुमारे १८ पीळ लागतात. मुठीच्या एका फेऱ्यात चाती ८० वेळा फिरली, तर हाताने तेवढ्या वेळात साडेचार इंच सूत ओढले पाहिजे. आता चातीवरची फिरकी निम्मी करा. फेरे १६० होतील आणि हाताला नऊ इंच ओढावे लागेल. हात तेवढा चालला नाही तर पीळ जादा बसतो, सुताला आढ्या पडतात, ते तुटते. शिवाय लहान फिरकीला माळेची मिठी अपुरी पडते, म्हणून माळ घसरते. तिला मेण आणि राळ लावतात ते यासाठीच. मूठही जड लागते.

१९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. अट होती आठ तासांत १६,००० फूट सुताची. मी गणित मांडले : सेकंदाला पावणेसात इंच सूत, म्हणजे २० अंकी सुतासाठी चातीचे सेकंदाला १२० फेरे, तेही गुंडाळण्याचा वेळ न धरता! एका चातीची फिरकी कितीही बदलली तरी माणसाच्या हाताला हे झेपणारे नाही. पुढे एकांबरनाथांनी अंबर चरखा केला, तेव्हा चात्याच वाढवल्या आणि ओढण्याचे काम हाताकडून काढून रुळांकडे दिले.

माझा मामेभाऊ गाड्यांचा वेडा आहे. त्याने मोबाइलवर एक अमेरिकन पिकअप गाडी दाखवली, १९९९ ते २००४ या काळातली फोर्डची लाइटनिंग. तिच्या इंजिनावर सुपरचार्जर असतो. तो इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो आणि इंजिनात जास्त हवा कोंबतो. हौशी लोक त्याची पुली लहान करतात. समजा साडेतीन इंचांऐवजी २.८ इंच केली, तर गती चौथा हिस्सा वाढते. मी उडालोच; हे तर आमचे १५ आणि १२! पुढचे दुखणेही तेच. पट्टा घसरतो, कोंबलेली हवा तापते, हवेच्या मानाने इंधन वाढवले नाही आणि ठिणगीची वेळ जुळवली नाही तर इंजिनात ठोके पडून पिस्टन फुटतो. म्हणून जाणते लोक पुलीबरोबर इंधनाची मांडणीही बदलतात.

बाबांनी पुली बदलली, पण जात्यात दाणा सोडण्याचे प्रमाण तेच ठेवायचे की वाढवायचे, हे पाहिले नाही. उलट गर्दी पाहून दट्ट्या सैल केला. मोटर आधीच पूर्ण भारावर चालत होती. गती सव्वापट म्हणजे शक्तीही निदान सव्वापट हवी, ती मोटरीत नव्हतीच. तिच्यावरील पत्र्यावर किती अँपिअर लिहिले आहेत, ते आम्ही मोटर जळाल्यावर वाचले.

आता १५ इंची पुली परत चढवली आहे. १२ इंची भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली आहे. मोठी मोटर घेतली की ती लावू, असे बाबा म्हणतात. तिच्यासाठी किती अश्वशक्ती लागेल, याचा हिशोब मी त्यांना वहीत करून दिला आहे.