मधले पाच दिवस

अगं, व्हँकुव्हर ते सिडनी क्रूझचं तिकीट काढलंस हे ऐकून मला फार आनंद झाला. त्याच्या मागोमाग तुझी काळजीही आली. "ताई, हवाई बेटांपर्यंत पाच दिवस नुसतं पाणी. तिथून ताहितीपर्यंत पुन्हा पाच दिवस. एवढ्या वेळाचं करायचं काय?" तुझ्यासारखंच अनेकजणी विचारतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी अंतर समजून घे. व्हँकुव्हर ते होनोलुलू सुमारे २,४०० सागरी मैल, आणि होनोलुलू ते ताहितीही जवळपास तेवढंच. जहाज ताशी २० सागरी मैलांनी, म्हणजे ३७ किलोमीटरच्या वेगाने रात्रंदिवस चाललं तरी प्रत्येक टप्प्याला पाच दिवस लागणारच. कंपनीने मध्ये दिवस भरीला घातलेत असं समजू नकोस. महासागर खरोखरच एवढा मोठा आहे, आणि तो दिसतो याच दिवसांत. बंदरं दाखवायला विमानही नेतं.

आता मुख्य गोष्ट. आजवर आपला दिवस दुसऱ्यांच्या घड्याळावर चालत आला. डबे, शाळेची बस, ऑफिसची लोकल, सासूबाईंची औषधं, कामवाल्या मावशींची वेळ. त्यामुळे पाच दिवस अख्खे मोकळे मिळणार म्हटलं की आनंदाच्या आधी धास्ती वाटते. वाटू दे. पण त्या धास्तीपायी हा वेळ लगेच कोणाच्या तरी हवाली करून मोकळी होऊ नकोस. जहाजाच्या कार्यक्रमपत्रिकेच्या नाही, नवऱ्याच्या नाही आणि फोनच्या तर नाहीच नाही.

कार्यक्रमपत्रिका रोज संध्याकाळी केबिनमध्ये येईल. दुसऱ्या दिवशीचं सगळं त्यात तासातासाने दिलेलं असतं: व्याख्यानं, प्रश्नमंजूषा, ब्रिज, विणकामाचा गट, नाचाचे वर्ग, स्वयंपाकाची प्रात्यक्षिकं. हवाईच्या वाटेवरच्या जहाजांवर बहुधा उकुलेले आणि हुला नाचही शिकवतात. पेन घेऊन बस आणि त्यातल्या फक्त दोन गोष्टींवर खूण कर. एक डोक्यासाठी, एक हातापायांसाठी. माझं मत विचारशील तर व्याख्यान आणि उकुलेले घे. या वयात नवं वाद्य हातात धरायला दुसरीकडे कुठे जमणार? रोज त्याच वर्गाला गेलीस की चेहरे ओळखीचे होतात. चौथ्या दिवशी कोणीतरी तुझ्यासाठी खुर्ची धरून ठेवतं. उरलेला दिवस कोरा ठेव.

कोरा दिवस विस्कटू नये म्हणून दोन वेळा मात्र ठरवून टाक. पहिली पहाटेची. डेकवर माणसं कमी असतात, वारा स्वच्छ असतो. प्रोमनाड डेकवर जहाजाला पूर्ण फेरी मारता येत असेल तर तिथेच चाल. दुसरी वेळ दुपारी बाराची. त्या सुमाराला कॅप्टन ध्वनिक्षेपकावरून जहाजाचे अक्षांश-रेखांश, वाऱ्याचा वेग आणि बऱ्याचदा समुद्राची खोलीही सांगतो. बरेच लोक ते कानाआड करतात. तू एक साधी वही घे आणि रोज हे आकडे लिही. खाली दोन ओळी: पाण्याचा रंग कसा होता, काय दिसलं, मनात काय आलं. प्रशांत महासागराची सरासरी खोली चार हजार मीटरहून जास्त आहे. कळसूबाईएवढे दोन डोंगर एकावर एक ठेवले तरी माथा पाण्याखालीच राहील. हे कळल्यावर कठड्यापाशी उभं राहणं वेगळं होतं.

"पाण्यात पाहायचं काय" असं म्हणूच नकोस. व्हँकुव्हर सोडताना समुद्र थंड आणि हिरवट असतो, कारण त्यात सूक्ष्म वनस्पती भरपूर असतात. दोनतीन दिवसांत तो गर्द निळा होत जातो. सुरुवातीला काळ्या पायांचे अल्बाट्रॉस जहाजामागे येतील. पंख न हलवता, लाटांवरून उठणाऱ्या वाऱ्याच्या जोरावर ते तासन् तास तरंगतात. हवाई जवळ आलं, पाणी उबदार झालं, की उडणारे मासे दिसू लागतात. जहाजाच्या नाकासमोरून चांदीसारखे उसळतात आणि बऱ्याच अंतरावर जाऊन पुन्हा पाण्यात शिरतात. बूबी नावाचे समुद्रपक्षी त्यांच्यावर टपून जहाजाच्या बाजूने उडतात. हलकी दुर्बीण बरोबर ने आणि एकाच जागी अर्धा तास बस. पहिली दहा मिनिटं काही दिसत नाही. ती दहा मिनिटं काढता आली की पुढचं सगळं दिसतं.

आणि आकाश! यासाठी तर मी तुला हात जोडून सांगते. ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर दिसतो, तितके आपले अक्षांश. व्हँकुव्हरला तो सुमारे ४९ अंशांवर असतो. हात लांब करून मूठ धरलीस तर एक मूठ साधारण दहा अंश, म्हणजे जवळपास पाच मुठी. जहाज दक्षिणेकडे सरकेल तसा तो रोज रात्री खाली येत जाईल. होनोलुलूला पोहोचशील तेव्हा तो २१ अंशांवर असेल, मुंबई-पुण्याहून दिसतो जवळपास त्याच उंचीवर. घरापासून इतकी दूर असताना ध्रुव मात्र घरच्या जागी! हवाई सोडल्यावर तो आणखी खाली जाईल आणि विषुववृत्ताजवळ क्षितिजाच्या धुरकटपणात हरवेल.

मग दक्षिणेचं आकाश उघडतं. तुझी सफर सप्टेंबर-ऑक्टोबरची आहे, तेव्हा मध्यरात्रीच्या सुमाराला दक्षिणेकडे दोन फिकट पांढरे डाग शोध. ते ढग नव्हेत, मॅगेलनचे मेघ म्हणतात त्या दोन छोट्या दीर्घिका आहेत. आपल्या महाराष्ट्रातून त्या दिसत नाहीत म्हटलं तरी चालेल. पहाटे अगस्ती पाहा. आपल्याकडे तो दक्षिणेला खालीच रेंगाळतो. ताहितीच्या आसपास मात्र तो चांगला वर चढलेला असतो. समुद्र पिऊन टाकणाऱ्या ऋषीचा तारा महासागराच्या मधोमध उभी राहून पाहायला मिळणं, हे भाग्य घालवू नकोस. जहाजावर दिव्यांचा लखलखाट असतो, तेव्हा अंधारा डेक कुठला ते पहिल्याच दिवशी विचारून ठेव. पुढचा भाग बहुधा अंधारा असतो, कारण जहाज चालवणाऱ्यांना समोरचं दिसायला हवं असतं.

दिवसाही लक्ष ठेव. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सूर्य विषुववृत्ताच्या थोडा दक्षिणेला असतो. तुमचं जहाज त्याच्या खालून जाईल त्या दिवशी भर दुपारी तुझी सावली पायाखाली जाईल. आपल्याकडे मे आणि जुलैमध्ये येतो तो शून्य सावलीचा अनुभव. त्यानंतर दुपारचा सूर्य उत्तरेकडे दिसू लागेल, आणि डेकवरची तुझी आवडती सावलीची जागाही बदलेल.

हवाई ते ताहिती या टप्प्याआधी 'होकुलेआ'विषयी थोडं वाचून घे. १९७६ साली ही जोडनौका होकायंत्र किंवा नकाशा न वापरता हवाईहून ताहितीला गेली. सातावाल बेटाचे माऊ पियाइलुग तारे, लाटांची चाल आणि पक्षी यांच्या आधाराने तिला दिशा दाखवत होते. त्या नौकेला सुमारे महिना लागला. तुझं जहाज पाच दिवसांत जाईल. तेच पाणी ते कसं वाचत होते हे माहीत असलं, की आपल्याला साधी वाटणारी लाटही बोलू लागते.

विषुववृत्त ओलांडताना जहाजावर समुद्रदेव नेपच्यूनचा दरबार भरतो. दंगा असतो, आणि बहुधा प्रमाणपत्रही मिळतं. "आपलं काय काम तिथे" म्हणून मागे राहू नकोस, पुढे हो. त्याच पट्ट्यात उकाडा असतो आणि मध्येच धो धो पाऊस कोसळतो. भिज खुशाल.

घड्याळाची गंमतही समजून घे. व्हँकुव्हर ते हवाई तीन तासांचा फरक आहे, म्हणजे तीन रात्री एकेक तास जास्तीचा मिळेल. पुढे ताहितीनंतर वाररेषा ओलांडताना अख्खी एक तारीख गळते. सामोआ देशाने तर ही रेषा आपल्यापुरती सरकवून घेतली आणि २०११ सालचा ३० डिसेंबर हा दिवस तिथे उगवलाच नाही. तुझा उपवास किंवा कोणाचा वाढदिवस नेमका तुमच्या गळणाऱ्या तारखेला येत असेल तर आधीच ठरवून ठेव, मनाला चुटपुट नको. सफरीत नवरात्र येणार असेल तर लक्षात ठेव, जहाजावर निरांजन, उदबत्ती, मेणबत्ती काही चालत नाही. आगीचा धोका असतो. सेलवरचा छोटा दिवा ने. देवीला समजतं.

आता नवऱ्याबद्दल. रागावू नकोस, पण हे सांगायलाच हवं. घरी दोन खोल्या, गच्ची, बाजार, शेजार असतो. जहाजावर छोट्याशा केबिनमध्ये दोघं चोवीस तास समोरासमोर असता. आनंदी जोडपीही तिसऱ्या दिवशी टॉवेल कुठे टाकला यावरून भांडतात. म्हणून आधीच बोलून घ्या: सकाळ ज्याची त्याची, दुपारचं जेवण बरोबर. तो पत्ते खेळेल, तू वही घेऊन बस. जेवताना एकमेकांना सांगायला काहीतरी असेल. इतक्या वर्षांच्या संसारात नवी गोष्ट सांगायला मिळणं हे सुखच.

जेवणाची चिंता नको. मोठ्या जहाजांच्या डायनिंग रूममध्ये आदल्या दिवशी मुख्य वेटरला सांगितलं तर बहुधा शाकाहारी भारतीय पदार्थ करून देतात. भटारखान्यात आणि केबिनच्या कामात गोव्याची, मुंबईची मुलं भेटतीलच. त्यांच्याशी आपल्या भाषेत दोन शब्द बोल. कित्येक महिने घरापासून लांब, सुट्टीचा दिवस नाही, आणि चेहऱ्यावर हसू. त्यांचं नाव लक्षात ठेव, आईची चौकशी कर. कामाच्या वेळी फार अडवू नकोस, एवढंच. चिवडा-लाडू न्यायचे तर ने, पण किनाऱ्याला लागण्याआधी संपव. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात खाण्याच्या वस्तूंचे नियम कडक आहेत. न्यूझीलंडमध्ये न सांगता एखादं फळ पिशवीत राहिलं तरी जागच्या जागी ४०० डॉलर दंड होतो.

तब्येतीचं थोडक्यात. सुरुवातीचे एकदोन दिवस उत्तरेकडच्या पाण्यात जहाज हलू शकतं. मळमळ वाटली तर केबिनमध्ये पडून राहू नकोस. खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्यभागी ये किंवा डेकवर जाऊन क्षितिजाकडे नजर लाव. आल्याच्या वड्या जवळ ठेव. गोळी मळमळ सुरू होण्याआधी घ्यायची असते, आणि तुझ्या रक्तदाबाच्या औषधांबरोबर ती चालेल का हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचार. हात साबणानेच धू. जहाजावर पसरणाऱ्या जुलाब-उलट्यांच्या विषाणूवर सॅनिटायझर पुरेसा पडत नाही. फोन फ्लाइट मोडवर ठेव, नाहीतर जहाजाच्या नेटवर्कचं बिल भरमसाट येईल. मुलांना निरोप रोज एकाच ठरावीक वेळी. त्यांना तशी आधीच कल्पना दे, म्हणजे तीही काळजी करणार नाहीत.

एक नाजूक गोष्ट राहिली. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कदाचित तुला उगाचच रडू येईल. आई गेली तेव्हा तू तेराव्याच्या तयारीत होतीस, मग मुलीची परीक्षा, मग लग्न. रडायला सवडच मिळाली नाही. हातातलं काम सुटलं की मागे सारलेलं वर येतं. घाबरू नकोस, सफर बिघडली असं समजू नकोस, आणि घाईघाईने कुठल्या कार्यक्रमात जाऊन बसू नकोस. वारा लागेल अशा जागी बस. येऊ दे. वहीत लिहायचं असेल तर लिही, नसेल तर नको. संध्याकाळपर्यंत तुलाच हलकं वाटेल.

आणि सिडनीहून परत आल्यावर पहाटेचा तो तास सोडू नकोस. घरचे नेहमीसारखं हाक मारतील, त्यांची चूक नाही, त्यांना ठाऊकच नाही. पहिल्याच दिवशी सगळ्यांना स्पष्ट सांग की सहा ते सात हा माझा वेळ आहे, चहा ज्याने त्याने करून घ्यावा. चार दिवस कुरकुर होईल. तू डगमगू नकोस. पंधरा दिवसांत घराला सवय होते.